मोहरीचे दोन लोड

बाळाची उशी साफ करणं हे काम ऐकायला सोपं वाटतं. ज्याला तसं वाटत असेल त्याने वडनेर भोलजीच्या गोजरबाईला ते करताना एकदा बघायला हवं होतं. आठ दिवसांनी एकदा ती अंगणात पोतं टाकून बसायची आणि पूजेला बसल्यासारखी कोणाशी बोलायची नाही.

मोहरीच्या उशीला पाणी दाखवायचं नसतं. मोहरी ओली झाली की बुरसते, नाही तर तिला मोड येतात, आणि तो कुबट वास तान्ह्याच्या टाळूला लागतो. म्हणून आधी शिवण उसवायची, मोहरी सुपात ओतायची आणि चाळायची. आठ दिवसांत तिच्यात काय काय जमतं! जावळाचे केस, सुकलेल्या दुधाच्या पापड्या, तेलाने चिकटून झालेले दाण्यांचे गोळे. ते सगळं वेचून काढायचं आणि मोहरी फडक्यावर पसरून उन्हात घालायची. खोळ रिठ्याच्या पाण्यात चोळायची, दगडावर आपटायची नाही. ती वाळली की मोहरी पुन्हा भरायची, पण गच्च नाही. दोन मुठी कमीच. दाण्यांना सरकायला जागा असली तरच ते डोक्याखालून बाजूला होतात आणि डोकं गोल धरतात.

ही विद्या तिच्या आईची. लेकराचं डोकं पहिले दोन-तीन महिने ओल्या माठासारखं असतं, हात फिरवाल तसं वळतं, असं आई सांगायची. गोजरबाईचा हात तर असा की नांदुऱ्याहून बायका लेकरं घेऊन यायच्या. चपटी डोकी, लांबोडी डोकी, एका अंगाला बसलेली डोकी तिने तेलाच्या हाताने आणि मोहरीच्या उशीने नीट केली. डोकं फारच हट्टी असलं तर उशीच्या जोडीला मोहरीचे दोन बारकुले लोड असायचे. ते दोन्ही कानांशी लावले की मान हवी त्या बाजूला राहायची. शाळेतली पोरं प्रार्थनेला रांगेत उभी राहिली की गोजरबाई रस्त्याने जाता जाता पाठीमागून डोकी ओळखायची. हे माझं, हे माझं, हे नाही माझं. तिला त्याची ऐट होती, आणि का नसावी? एक तरी गोष्ट चांगली येत असेल तर माणसाने मान खाली घालून का फिरावं?

पण सात वर्षांपूर्वी तिने हे काम एकदम टाकलं. कोणी लेकरू घेऊन आलं की म्हणायची, "बोटं आखडले वं बाई आता." त्याच बोटांनी ती दिवसभर शेंगा फोडायची, कपाशी वेचायची. गावाने ते बघितलं आणि सोडून दिलं. नातू गेल्यापासून म्हातारीचं मन उडालं, असं लोक म्हणायचे. तेवढं खरं होतं. बाकीचं फक्त गोजरबाईला माहीत होतं.

ती गोष्ट महाराष्ट्र झाला त्या दिवसाची.

शाळेने सकाळी पोरांची मिरवणूक काढली होती. पुढे ताशा, मागे लेझीम, आणि शेवटी बत्तासे वाटायचे होते. घरात गोजरबाईचा मुलगा शेषराव, त्याची बायको सुभद्रा, आणि सुभद्राचं दीड महिन्याचं लेकरू. नाव शालिग्राम. नाव गोजरबाईनेच ठेवलं होतं, कारण याचं डोकं देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामासारखं गुळगुळीत करून दाखवीन, अशी पैज तिने स्वतःशीच मारली होती. लेकरू मात्र हट्टी निघालं. मान डावीकडेच टाकायचं, आणि डोकं त्या बाजूने बसत चाललं होतं. बारशाला आलेल्या बायकांनी ते बघितलं होतं आणि एकही काही बोलली नव्हती. न बोलण्याचंच गोजरबाईला जास्त झोंबलं.

त्या सकाळी बाळ-बाळंतिणीचं न्हाणं झालं, शेक झाला. रात्रभर जागलेली सुभद्रा बाजेवर भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली. गोजरबाईने बाळाला तिच्यापासून हातभर लांब उशीवर पालथं घातलं, मान उजवीकडे वळवली, आणि ती फिरू नये म्हणून दोन्ही अंगांनी लोड घट्ट लावले. हे तिने शंभर लेकरांना केलं होतं. पण शंभरही वेळा ती जवळ बसून राहिली होती, एक बोट लेकराच्या नाकाशी धरून. ती तिचीच शिस्त होती. आणि नेमका गल्लीच्या तोंडाशी ताशा वाजला.

उभ्या उभ्या बघून येते, म्हणून ती गेली. पोरं लेझीम खेळत होती. तिच्या हातची कितीतरी डोकी त्या रांगेत होती. कोणी तरी तिच्या तळहातावर बत्तासा ठेवला, कोणी तरी नातवाची चौकशी केली, ती दोन शब्द बोलली. चुलीवरचं दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ गेला असेल.

ती परत आली तेव्हा लेकरू दोन लोडांच्या मध्ये खाली सरकलं होतं आणि त्याचं तोंड उशीत रुतलं होतं. तिने उचललं. हलवलं. फुंकलं. काही नाही. सुभद्रा अजून तशीच झोपलेली.

पुढचं तिच्या हातांनी आधी केलं आणि मनाला मागून कळलं. लोड बाजेखाली गेले. लेकरू सुभद्राच्या पाठीशी, तिच्या अंगाच्या वजनाखाली गेलं. आणि मग गोजरबाईच्या तोंडून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी किंकाळी निघाली, "अंगाखाली घेतलं वं! लेकरू अंगाखाली घेतलं!"

सुभद्रा त्या किंकाळीनेच जागी झाली. पाठीखाली हात घातला आणि हाताला लेकरू लागलं. झोपलेल्या माणसाने स्वतःच्या बाजूने साक्ष कुठून आणावी? तिने ते खरं मानलं. शेषरावाने मानलं, गावाने मानलं. पंधरा दिवसांतच तिला मोताळ्याला भावाकडे पोचवली, आणि पुढे काडीमोड झाली. त्या दिवशी संध्याकाळी गोजरबाईने मूठ उघडली तेव्हा बत्तासा घामाने विरघळून तळहाताला चिकटलेला होता.

आता कोणी विचारेल, मग उशी का ठेवली? जाळायची, पुरायची, नदीत सोडायची. पण ती टाकली असती तर गावाने विचारलं असतं, काऊन बाई, उशीनं काय केलं? दोष झोपणाऱ्या सुनेचा असेल तर उशी निर्दोष. म्हणून निर्दोष उशी पेटीत जपून ठेवणं भाग होतं. लबाडी सांभाळायची म्हणजे तिचं सामानही सांभाळावं लागतं.

शेषरावाने दुसरं लग्न केलं ते चार वर्षांनी. नवी सून पंचफुला, कामाला चटपटीत, हसरी पोरगी. तिला मुलगा झाला तेव्हा पहिलं लेकरू गेलेल्या घरात करतात तसं केलं. बाळाला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारच्या वच्छलाबाईने त्याला टाकलेली वस्तू म्हणून उचललं, आणि मूठभर ज्वारी घेऊन परत दिलं. नाव ठेवलं उकंडा. असल्या नावाकडे यम वळून बघत नाही म्हणतात.

यमाने नाही बघितलं, पण वच्छलाबाईने बघितलं. दीड महिन्याने ती अंगणात उभी राहून म्हणाली, "काऊन वं गोजराबाई, साऱ्या गावाचे डोके गोल केले, अन् घरच्या नातवाचं उजवीकडून चपटं? लोक हासून राह्यले ना!"

"राहू दे चपटं," गोजरबाई म्हणाली. "चपट्या डोक्यानं कोनी मेलं नाई."

ते शेषरावाने ऐकलं. तो आत गेला आणि पेटीतून उशी काढून घेऊन आला. "उशीचा काय दोष हाये माय? थे तं बाई निजली म्हून झालं. तुह्या हातात विद्या हाये, तं नातवाले काऊन नाई?"

तिने उशी हातात घेतली. उशी निर्दोष आहे हे सात वर्षांपूर्वी तिनेच ठरवलं होतं. लोडांचं विचारलं तेव्हा मात्र, "उंदरानं खाल्ले," असं सांगून तिने ते पेटीच्या तळाला जुन्या गोधडीखाली आणखी खोल दडपले.

तेव्हापासून घर बदललं. की गोजरबाई बदलली, ते सांगणं अवघड आहे. मोहरी तिला कुठेही सापडायची. ज्वारीच्या पिठात एक दाणा, लुगड्याच्या निऱ्यांत एक, भाकरी थापताना बोटाखाली एक. कधी भर दुपारी पेटीतून सर्र असा आवाज यायचा, लोड कुशीवर वळवला की दाणे सरकतात तसा. उंदीर असेल, ती स्वतःला म्हणायची. उंदरानं खाल्ले हे आपणच सांगितलेलं आहे, हे मग तिच्या लक्षात यायचं.

आणि उशीतला तो खळगा. दर आठवड्याला ती मोहरी चाळून, वाळवून, भरून, वरून तळहाताने सपाट करायची. खोळ शिवून उशी बाजेवर ठेवायची आणि दोन घागरी पाणी आणून परत बघायची, तर उशीच्या डाव्या अंगाला वाटीएवढा खळगा. उकंडा तर उजवीकडे मान टाकायचा. डावीकडे मान टाकणारं लेकरू या घरात एकच होतं. गोजरबाई खळगा दाबून सपाट करायची आणि कोणाला काही बोलायची नाही.

पण तिला खरं खाऊन टाकलं ते पंचफुलाने. ती पोरगी झोपेना.

पहिली सून झोपेत लेकराच्या अंगावर पडली, हे गावातल्या बायकांनी तिला नऊ महिने सांगितलं होतं. कोणी काळजीने, कोणी चवीने. पाणवठ्यावर, देवळात, डोहाळजेवणाच्या पंगतीत. उकंडा झाल्यावर पंचफुला पाठ टेकायलाच तयार होईना. बाळाला पाजून झालं की जात्याच्या कडेला ताठ बसायची. डोळे मिटायला लागले की मांडीला चिमटा घ्यायची, मांड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. हिरवी मिरची दाढेखाली धरायची. दोन महिन्यांत हसरी पोरगी वाळून काटकी झाली. भाकरी तव्यावर टाकून उभ्या उभ्या डुलकी लागायची आणि भाकरी जळायची. शेषराव चिडायचा, गोजरबाई दुसरी भाकरी थापायची. एका वाक्यात त्या पोरीची झोप परत देता आली असती. ते वाक्य तिच्याकडे होतं. पण सांगितलं तर मुलगा जाईल, नातू हातातून जाईल, गावात तोंड काळं होईल. न सांगितलं तर ही पोरगी एक दिवस कोसळेल, आणि कोसळेल ती लेकरू मांडीवर असताना.

चैत्रातली एक सकाळ होती. उशी साफ करायचा दिवस. मोहरी फडक्यावर पसरलेली, आणि गोजरबाई तिच्यातले जावळाचे केस वेचत होती. पंचफुला येऊन समोर बसली. डोळे लाल, ओठ मिरचीने सोललेले.

"आत्याबाई, मले मायरी धाडा."

"काऊन वं पोरी?"

"माह्याच्यानं आता जागनं होत नाई. मी निजली अन् पलटली तं?" ती रडत नव्हती, नुसती सांगत होती. "थे पयली बाई बी मायच होती ना? तिले का मारायचं होतं लेकराले? तरी पलटलीच ना थे?"

गोजरबाईच्या बोटांत एक केस होता. बारीक, काळा, तेलकट. आता, तिने मनाशी म्हटलं. आताच. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात शेषराव वावरातून न्याहारीला आला. "माय, भाकर दे वं लवकर, बैल उभे हायेत."

ते वाक्य पुन्हा खाली गेलं. गोजरबाई उठली, मुलाला ओसरीवर भाकरी आणि ठेचा वाढला, खोळ आणि रिठे घेतले आणि विहिरीवर गेली. जाताना पंचफुलाला म्हणाली, "जाय, बाजेवर पड जरा. काई होत नाई." जे स्वतःला खरं माहीत आहे ते नुसतं असं पुटपुटून कोणाला पटतं का?

विहिरीवर खोळ चोळताना रिठ्याच्या फेसाबरोबर हाताला एक दाणा लागला. चाळून, झटकून, उलटी करून आणलेल्या खोळीत दाणा. तिने तो विहिरीच्या कठड्यावर ठेवला. मग लांब कुठे तरी, शाळेच्या बाजूला, ताशा वाजला. लग्नसराई होती, ताशा कोणाचाही असेल. पण गोजरबाईने ओली खोळ तशीच टाकली आणि घराकडे पळत सुटली. साठीची बाई, अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला.

घरात आवाज नव्हता. तीच वेळ, तीच बाज, भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली सून. तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर उकंडा, आणि उकंड्याच्या दोन्ही अंगांनी मोहरीचे दोन लोड, कानांशी घट्ट लावलेले. लेकराची मान वळली होती आणि नाकतोंड लोडात गेलं होतं.

तिने ते उचललं. लेकरू हलेना. एक क्षण, आणि दुसरा. जुन्या मोहरीची धूळ त्याच्या नाकाला चिकटलेली होती, एक दाणा गालावर रुतलेला. गोजरबाईने त्याच्या तोंडावर फुंकर घातली. सात वर्षांपूर्वी घातली होती तशीच.

उकंडा शिंकला. एकदा, दोनदा, आणि मग घर डोक्यावर घेऊन रडायला लागला.

पंचफुला ताडकन उठून बसली. तिचे डोळे अजून झोपेतच होते, पण तोंडातून शब्द आले, "आत्याबाई! म्या अंगाखाली घेतलं का? घेतलं का म्या?"

"थे लोड कोनं लावले?"

"म्या. बदली खोळ पाहत होती तं पेटीत सापडले, गोधडीखाली. उंदरानं काई खाल्ले नोते." पंचफुलाने लोडांकडे बोट केलं. "म्हटलं, मी पलटली तरी मंधात लोड राहतीन. लेकरू वाचन. म्हून निजली मी. आज पयल्यांदा निजली."

मारायचं सामान तिने राखण म्हणून लावलं होतं. आणि ते खोटं गोजरबाईनेच तिला शिकवलं होतं. ही गोष्ट गोजरबाईला तिथे उभ्या उभ्या कळली. ओसरीवरून शेषराव उष्ट्या हातानेच आत आला होता.

"कोनी अंगाखाली घेतलं नाई," ती म्हणाली. "तू बी नाई अन् सुभद्रानं बी नाई. शालिग्राम या लोडानं गेला. म्या पालथा घातला, म्या लोड लावले, अन् बत्तासा खाले गेली. आली तं सरलं होतं. मंग म्या त्याले सुभद्राच्या पाठीखाली सारलं अन् बोंबलली. थे निजली होती. नुस्ती निजली होती थे."

एवढ्या वर्षांचं ओझं आणि उतरायला सात-आठ वाक्यं पुरली.

शेषराव दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "म्या तिले कवटाळीन म्हनलो, लेकरू खानारी चेटकीन म्हनलो, माय," तो म्हणाला. "तिच्या भावासमोर म्हनलो. तू तिथंच होती." एवढं बोलून तो गोठ्यात गेला. अर्धी भाकरी ताटात तशीच राहिली, आणि त्या दिवशी बैल जुंपलेच नाहीत.

पंचफुलाने सासूच्या हातातून लेकरू काढून घेतलं. ओढलं नाही, पण अशा रीतीने घेतलं की ते परत मिळणार नाही हे गोजरबाईला समजलं. मग लोड दाराबाहेर फेकून तिने लेकराला कुशीत घेतलं आणि आडवी झाली, ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. मधे दोनदा लेकरू प्यायलं, तिला पत्ता नव्हता. झोपेत तिचा एक हात आपोआप लेकराच्या पाठीवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव म्हणाला, "मोताळ्याले जाय. तूच जाय. मी कोन्या तोंडानं जाऊ?"

गोजरबाईने दोन्ही लोड साफ केले. शिवण उसवली, मोहरी चाळली, वाळवली, खोळी रिठ्यात धुतल्या, पुन्हा भरल्या. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. घाण वस्तू कोणाच्या दारात नेऊ नये, एवढंच तिच्या हातांना कळत होतं. मग ते पिशवीत घालून ती नांदुऱ्याला गेली आणि तिथून मोताळ्याची यष्टी धरली.

सुभद्राच्या भावाचं, सहदेवचं घर गावाच्या टोकाला, मागे कांद्याचं वावर. सहदेव बाजारात गेलेला होता. त्याच्या बायकोने पाहुणीला ओळखलं नाही. तिने पाणी दिलं आणि गप्पिष्ट बायका सांगतात तसं न विचारता सांगायला लागली, "ननंदबाई मांगं बसल्या हायेत, कांदे निवडून राह्यल्या. लय कामाच्या. पन बाजेवर निजत नाईत कधी. आल्या तवापासून भितीले पाठ लावून बसूनच झोपतेत. माह्ये लेकरं जिथं निजले तिथं तं पायच ठेवत नाईत."

गोजरबाईने पाणी तसंच खाली ठेवलं आणि ती मागे गेली.

मागच्या अंगणात सुभद्रा कांद्याच्या ढिगापाशी बसली होती. तिशी उलटलेली बाई, पण केस पांढरे झालेले. तिने वर बघितलं, पदर डोक्यावर घेतला. सात वर्षांनीही तो पदर सासूसाठी आपसूक वर गेला. तिने पिशवीतून लोड काढून मध्ये ठेवले आणि सगळं सांगितलं. मिरवणूक सांगितली, बत्तासा सांगितला, किंकाळी सांगितली. स्वतःसाठी एकही शब्द मऊ केला नाही.

सुभद्राचा हात कांद्यावर थांबला होता. मग तिने विचारलं, "तुमी उचललं, तवा थे गरम होतं का?"

"हाव माय. गरम होतं."

"अन् मी?"

"तू भितीकडं तोंड करून निजली होती. रातभर जागली होती त्याच्यापायी. तुह्या अन् त्याच्या मंधात हातभर जागा होती."

"हातभर?"

सुभद्राने आपला हात कोपरापासून जमिनीवर ठेवला, बोटं लांब केली, आणि तेवढ्या जागेकडे बघत राहिली. बोटांच्या टोकाशी कांद्याची सालं होती. ती तिने हळूच बाजूला सारली, जागा मोकळी करावी तशी.

गोजरबाई तिच्या पायांशी वाकली. सुभद्राने पाय मागे घेतले. "पाय नका धरू. त्यानं मले काई भेटत नाई." तिचा आवाज चढला नव्हता. "सात वर्षं म्या माह्ये हात पाहले, आत्याबाई. माही पाठ मले दिसत नाई, नाई तं थे बी पाहली असती."

मग ती उठली. कोपऱ्यातलं पोतं झटकून तिने तिथेच, निंबाच्या सावलीत पसरलं. दोनांतला एक लोड उचलला, हातात जोखला, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि पोत्याच्या एका टोकाला ठेवला.

"तुमी इथंच बसा," ती म्हणाली. "मी उठेपर्यंत हलायचं नाई."

ती कुशीवर आडवी झाली, लोड डोक्याखाली घेऊन. मोहरी सर्र वाजली, सरकली, तिच्या डोक्याएवढी जागा करून दिली आणि थांबली. सुभद्राचे डोळे मिटले. थोड्या वेळाने श्वास लांब झाला.

गोजरबाई जवळ सरकली. एक बोट तिने सुभद्राच्या नाकाशी धरलं. सावली फिरली तशी ती ऊन स्वतःच्या पाठीवर घेऊन बसली, म्हणजे ते झोपलेलीच्या तोंडावर येऊ नये. सहदेवची बायको एकदा बघून गेली, सहदेव बाजारातून आला आणि काही न विचारता दारातच थांबला. नांदुऱ्याची शेवटची यष्टी निघून गेली तेव्हाही गोजरबाईचं बोट तिथेच होतं.